फाइलींचा कारभार आणि त्याची उपांगे

१९८६ साली जॉन सोचा यांच्या नॉर्टन कमांडरने निळ्या पडद्यावर दोन दालने शेजारी मांडून फाइलींच्या कारभारास जी शिस्त लावली, तिचाच वारसा १९९३ साली क्रिश्चियन गिस्लर यांच्या विंडोज कमांडरने, म्हणजेच आजच्या टोटल कमांडरने, पुढे चालविला. त्याची प्लगिन्स, म्हणजेच उपांगे, चार खात्यांत विभागलेली असून, एक झिप्‌सारखे संग्रह उघडते, दुसरे दूरचा सर्व्हर फोल्डरसारखा दाखविते, तिसरे एफ३ दाबताच फाइलीचे अंतरंग प्रकट करते, तर चौथे तिचा तपशील पुरविते. याउलट फाइलींच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या टॉर्टॉइज एसव्हीएन या उपांगाने विंडोजच्या एक्सप्लोररमध्येच ठाण मांडून बदललेल्या फाइलीवर तांबडे, अबाधित फाइलीवर हिरवे चिन्ह उमटविले. परंतु विंडोजने अशा चिन्हांसाठी मोजक्याच जागा राखल्यामुळे अनेक उपांगांत त्यांवरून चढाओढ लागे. म्हणूनच स्वतंत्र दप्तर राखणारी पहिली, म्हणजे टोटल कमांडरची, पद्धत प्रोग्रामरच्या स्वातंत्र्यास अधिक पोषक ठरली, असे माझे निश्चित मत आहे.