मात देण्याचे नमुने: नाव आणि वय

बुद्धिबळात मात देण्याच्या ठरावीक आकृत्यांना नावे आहेत: अरबी मात, फिलिडोरचा वारसा, बोडेनची मात. विद्यार्थी ही नावे पाठ करतात आणि त्यांवरूनच इतिहास ठरवतात. येथे चूक होते. आकृतीचे वय मोहऱ्यांच्या चालीवरून काढावे लागते.

प्रथम अरबी मात पाहू. काळा राजा एच ८ च्या कोपऱ्यात, पांढरा हत्ती एच ७ वर, घोडा एफ ६ वर. हत्ती शह देतो व जी ७ अडवतो. घोडा हत्तीला जोर देतो आणि जी ८ राखतो. अरबांच्या शतरंजमध्ये वजीर तिरके एकच घर जाई. आजच्या उंटाच्या जागी 'फील' असे. तो तिरकी दोन घरे उडी मारी. (फील म्हणजे हत्ती, पण आपला हत्ती कोपऱ्यात उभा असतो, म्हणून घोटाळा करू नये.) कोपऱ्यातले मोहरे व घोडा यांच्या चाली मात्र आजच्यासारख्याच होत्या. म्हणून ही मात त्या पटावर जशीच्या तशी बसते. नवव्या शतकातील अल्-अद्लीच्या काळी अशा रचलेल्या डावांना 'मन्सूबा' म्हणत. मराठीतला 'मनसुबा' त्याच शब्दाचा.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजीर व उंट यांना आजच्या लांब चाली मिळाल्या. 'फिलिडोरचा वारसा' त्यानंतरचाच असू शकतो, कारण त्यात वजीर दुरून येऊन जी ८ वर बळी जातो. एच ६ वरच्या घोड्याचा त्याला जोर असल्याने राजाला तो मारता येत नाही. हत्तीनेच मारावे लागते. मग स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजावर घोडा एफ ७ वरून मात करतो. हा नमुना लुसेनाच्या १४९७ च्या सालामांका येथील पुस्तकात आहे. फिलिडोरचा जन्म १७२६ चा! नवी चाल आल्यावर थोड्याच वर्षांत नमुना सापडला, नाव मात्र फार उशिरा चिकटले.

बोडेनचेही तसेच. लंडनमध्ये १८५३ साली त्याने शुल्डरविरुद्ध वजीर देऊन दोन उंटांच्या कात्रीत सी १ वरचा राजा पकडला. पण हॉर्विट्झने हीच मात १८४४ मध्ये हॅम्बुर्गला पॉपर्टवर केली होती. बोडेनची अंतिम स्थिती पटावर मांडा आणि ए ३ व एफ ५ वरच्या उंटांऐवजी फील ठेवा. शह तसाच लागतो, पण राजाला बी १, बी २ आणि सी २ ही तीन घरे मोकळी होतात. शिवाय मूळ घरांपासून दोन-दोन घरे उडत फील तेथे पोहोचतही नाहीत.