सोन्याचा एक्का, रुप्याची दश्शी

शुक्रवारी मालेगावात कान मोकळे होतात. मोसम नदीच्या पलीकडचे माग बंद असतात, आणि एरवी रात्रंदिवस चालणारी ती खटखट थांबली की कॅम्पातल्या आमच्या घरीसुद्धा काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. अशाच एका शुक्रवारी पुण्याहून आलेल्या भाच्यानं ओट्यावर पत्त्यांचा डबा उघडला. पत्ते म्हणजे बदाम-इस्पिक नव्हेत. 'मॅजिक' नावाच्या खेळाचे, चित्रांचे, बारीक इंग्रजी मजकुराचे. त्याच्या चुलत भावाशी वाद चालला होता आणि निवाड्याला मला बसवलं.

"मामा, तूच सांग. ब्लॅक लोटस भारी की सोल रिंग?"

आधी खेळ समजून घ्यावा लागला. हातात पानं कितीही जोरकस असली, तरी ती खाली टाकायला 'माना' नावाचं बळ मोजावं लागतं. ते बळ देतात जमिनीची पानं: मैदान, बेट, दलदल, डोंगर, जंगल. एका पाळीत एकच जमीन मांडायची. बळ काढलं की पान आडवं करायचं, पुढच्या पाळीला पुन्हा उभं. म्हणजे कमाई हळूहळू वाढणार, पहिल्या पाळीला एक, दुसऱ्या पाळीला दोन. ही शिस्त मोडणारी काही पानं असतात, आणि खेळणाऱ्यांची निम्मी अक्कल त्या पानांची तुलना करण्यात जाते.

लोटस फुकट उतरतं, एकदम तीन माना देतं आणि तिथंच संपतं. मूळ पान विकत घेणं कुणाच्या बापाला परवडत नाही, म्हणून भाच्यानं साध्या कागदावर छापून दुसऱ्या पानावर चिकटवलं होतं. सोल रिंग ही अंगठी. एक माना भरून मांडायची, मग दर पाळीला दोन. मी पेन घेतलं. पहिल्या पाळीला अंगठीची निव्वळ मिळकत एक, दुसऱ्या पाळीअखेर तीन, तिसऱ्या पाळीअखेर पाच. म्हणजे दुसऱ्या पाळीला ती लोटसच्या बरोबरीला येते आणि तिसऱ्याला पुढे जाते.

"मग अंगठी," मी म्हणालो.

"पण मामा, तिसरी पाळी येऊच दिली नाही तर?"

हे मात्र खरं. लोटसची भीती तीन मानांची नाही, ते पहिल्याच पाळीत हातात येतात याची आहे. स्पर्धेत त्यावर बंधन आहे ते याचसाठी. उधारीवर सूत घेऊन माग चालवणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. आज हातात पडलेले तीन आणि महिनाभरात येणारे पाच यांत तो तीनच उचलतो, कारण त्याच्या दारात उद्या व्यापारी उभा असतो.

हा खेळ रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञानं रचला आणि १९९३ साली तो बाजारात आला. पानानंच धन द्यायचं, ही त्याची कल्पना. पण पानावर खजिना मांडण्याची कल्पना त्याहून फार जुनी आहे, आणि तिचा माग काढताना मी सावंतवाडीला जाऊन पोचलो.

सावंतवाडीच्या राजवाड्यात अजून कारागीर बसून गंजिफा रंगवतात. पानं गोल, तळव्यात मावतील एवढी. ही विद्या जवळजवळ बुडाली होती. पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी ती शिकून घेतली आणि १९७०च्या दशकात पुन्हा उभी केली. जुन्या रीतीत कापडाचे थर एकावर एक चिकटवून पान जाड करत, आणि चिकटवायला चिंचोक्याची खळ. हे ऐकताना मला हसू आलं. चिंचोक्याची पूड सुताला खळ द्यायचंही जुनं साधन. म्हणजे पान काय आणि ताणा काय, ताठ उभे राहिले ते एकाच चिंचेच्या जिवावर.

सावंतवाडीत दशावतारी गंजिफा प्रसिद्ध: दहा अवतारांचे दहा रंग, रंगाला बारा पानं, एकूण १२०. पण आपल्या कामाची ती दुसरी जात, जिला तिथं चंगकांचन म्हणतात. आठ रंग, ९६ पानं. ही मोगली गंजिफा. बाबरानं १५२७च्या जूनमध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. गंज म्हणजे खजिना, त्यावरून गंजिफा, असा धागा काही जण जोडतात. मी त्यावर पैज लावणार नाही. मात्र आठ रंगांची नावं वाचली की एखाद्या राजवाड्याची खातेवहीच उघडल्यासारखी वाटते. ताज म्हणजे मुकुट, सफेद म्हणजे रुप्याचं नाणं, शमशेर, गुलाम, चंग हे वाद्य, सुर्ख म्हणजे सोन्याचं नाणं, बरात आणि कुमाश. आपल्या पत्त्यात गुलाम हे एक पान उरलंय. तिथं तो अख्खा रंग होता.

आता गंमत बघा. प्रत्येक रंगात राजा आणि वजीर सगळ्यात वर. त्यांच्याखाली एक ते दहा. पण उतरंड सगळीकडे सारखी नाही. ताज, सफेद, शमशेर, गुलाम या चार रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यात लहान. चंग, सुर्ख, बरात, कुमाश या चारांत उलटं. एक्का मोठा, दश्शी शेवटी. म्हणजे दहा रुपये एका रुपयाला मारतात हे ठीक, पण सोन्याची एक मोहोर दहा मोहरांना मारते! डाव दिवसा बसला तर उतारी सुर्खच्या राजाची, रात्री बसला तर सफेदच्या. सूर्य आणि चंद्र.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "हे तर बगच आहे." मला तसं वाटलं नाही. असं का केलं असेल याचं माझं उत्तर हा निव्वळ तर्क आहे, आणि तोही मालेगावात राहून सुचलेला. कुमाश म्हणजे कापड, माल. गोदामात एक गठ्ठा असेल तर भाव तुमचा. दहा गठ्ठे पडून असतील तर भाव समोरच्याचा. मंदीच्या महिन्यात कच्च्या कापडाचे तागे छताला लागतात आणि मालक पाळ्या कमी करतो, तेव्हा कुमाशची दश्शी सगळ्यात दुबळी का, हे इथं कुणालाही समजावून द्यावं लागणार नाही. बरातीचंही तेच. एका सावकाराची एक चिठ्ठी पैशासारखी चालते. दहा चिठ्ठ्या फिरायला लागल्या की लोक विचारतात, पैसे आहेत ना?

बरात म्हणजे काय, ते सांगायचं राहिलं, आणि ही सगळी कुळकथा मी त्या एका शब्दासाठीच लिहायला घेतली. बरात म्हणजे सरकारी खजिन्यावरचा लेखी हुकूम: या इसमास इतकी रक्कम द्यावी. मराठीत तिची वरात झाली. पेशवाईत पुण्याच्या दफ्तरातून अमुक महालाच्या वसुलावर वरात निघायची. शिपायानं, सरदारानं किंवा घेणेकऱ्यानं ती घेऊन त्या महालाच्या कमाविसदारापुढं उभं राहायचं आणि त्यानं वसुलातून रक्कम मोजायची. वसूलच आला नसेल, किंवा कमाविसदारानं टोलवाटोलवी केली, तर हातात कागद. मालेगावचा भुईकोट बांधणारे नारोशंकर राजेबहाद्दर पेशव्यांचेच सरदार, त्यांच्या कारकुनांच्या तोंडी हा शब्द रोजचा असणार. लग्नाची वरात वेगळी, ती वरयात्रेतून आली. पण वरात म्हणजे पैशाचा हुकूम हे एकदा डोक्यात बसलं की 'वाऱ्यावरची वरात' या शब्दांकडे बघायची नजर बदलते. घोडा, बँड, नवरदेव सगळे बाजूला होतात, आणि दिसतो वाऱ्याच्या नावानं काढलेला चेक.

नदीपलीकडे हाच शब्द वर्षातून एकदा सगळ्यांच्या तोंडी असतो. शाबान महिन्यातली शब-ए-बरात. माणसं रात्री कब्रस्तानात जातात, दुआ मागतात. वर्षाचा हिशेब आणि नशीब त्या रात्री लिहिलं जातं, अशी श्रद्धा. मोकळीक, सुटका, चुकतं केल्याचा कागद: अर्थाची ही सारी पिल्लं एकाच अरबी घरट्यातली. म्हणजे पुलाच्या एका बाजूला बरात आणि दुसऱ्या बाजूला वरात, आणि दोघांना एकमेकांचं नातं ठाऊक नाही.

भाच्याच्या भाषेत सांगायचं तर बरातीचं पान म्हणजे खऱ्या अर्थानं 'माना देणारं' पान. मोहोर म्हणजे धन. बरात स्वतः धन नाही, धन आणायचा हक्क आहे. गंजिफ्यात मात्र ते पान काहीच आणत नाही. हात करायचा, पानं मोजायची, डाव संपला. चित्रातला खजिना चित्रातच राहतो. त्याला कामाला लावायला १९९३ उजाडावं लागलं.

अकबराला गंजिफ्याचा मोठा नाद. त्यानं पानांवरची चित्रं नव्यानं ठरवली आणि अबुल फजलनं आईन-ए-अकबरीत ती एकेक नोंदवली. हे वर्णन मला कुठल्याही खेळाच्या नियमांपेक्षा आवडतं. सोन्याच्या रंगात राजा धन वाटतोय, वजीर खजिना तपासतोय, आणि खालच्या दहा पानांवर सोन्याचं काम करणारी माणसं: जवाहिऱ्या, धातू वितळवणारा, तुकडे पाडणारा, वजन करणारा, नाणं पाडणारा, मोहरा मोजणारा. एक्क्यापासून दश्शीपर्यंत टांकसाळच उभी केलीय. बरातीच्या रंगात राजा फर्मानं आणि दफ्तराचे कागद बघतोय, आणि खाली कागद बनवणारा, रेघा आखणारा, नोंदी करणारा कारकून, बांधणीवाला. शमशेरीखाली हत्यारं घडवणारे. ताजाखाली शिंपी. गुलामाच्या रंगात तर काही नोकर चक्क झिंगलेत. चंगाखाली वादक.

राहिला कुमाश. राजा रेशमी वस्त्रं आणि इतर माल बघतोय. वजीर चौकशी करतोय. खालची दहा पानं?

"विणकर असणार," भाचा म्हणाला. लोटस त्यानं डब्यात ठेवून दिलं होतं.

विणकर नाहीत. ओझ्याची जनावरं आहेत. सोन्याला माणसं, कागदाला माणसं, तलवारीला माणसं, आणि कापडाला ते वाहून नेणारी जनावरं. शिंप्याला जागा मिळाली, तीसुद्धा मुकुटाच्या खात्यात.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं एक कोरं पान काढलं, ज्यावर तो एरवी न परवडणाऱ्या पानांच्या नकला चिकटवतो, आणि विचारलं, "मामा, विणकराचं पान केलं तर दर पाळीला किती द्यायचं त्यानं?"

"आधी त्याला उतरवायला किती लागतं ते लिही," मी म्हणालो. "सूत, वीज, कांड्या भरणारीची मजुरी."

तो लिहायला बसला. आकडा काही केल्या जमेना.