परळचे जुने देवालय

ज्युबिलीच्या मंगल समयी देवालय कधी व कोणी उभारले, याचे स्मरण आपण भक्तिभावाने करतो. परंतु जे देवालय उपासकांच्या हातून गेले त्याचे पुढे काय होते, हा विचारही अशा वेळी अप्रस्तुत नव्हे. या बाबतीत मुंबईतील परळ येथील एका वास्तूचा इतिहास मननीय आहे.

सतराव्या शतकात परळ येथे येशूसंघीय धर्मगुरूंचा मठ व त्यास जोडून प्रार्थनामंदिर होते. सन १६८९-९० मध्ये सिद्दी याकूतखानाने मुंबईस वेढा घातला. तेव्हा या धर्मगुरूंनी त्यास साह्य केले, असा संशय घेऊन कंपनी सरकारने त्यांच्या जमिनी जप्त केल्या. परळचे मंदिरही कालांतराने सरकारी झाले. सन १७७१ मध्ये गव्हर्नर हॉर्नबी यांनी तेथे बिऱ्हाड केले. आणि जेथे मिस्साबलिदान होत असे, तेथे मेजवान्या व नाच होऊ लागले. सन १८७५ मध्ये इंग्लंडच्या युवराजांचा मुक्कामही तेथेच पडला. पुढे सन १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी त्याच वाड्यात पटकीने निवर्तल्या, आणि राज्यपालांनी मलबार टेकडीचा आश्रय केला.

सन १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात ग्रंथिज्वर, म्हणजे प्लेग, उद्भवल्याचे डॉ. आकासिओ व्हिएगस या गोमंतकीय ख्रिस्ती वैद्यांनी प्रथम ओळखले. ओडेसा येथे जन्मलेले यहुदी शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी त्यावर लस सिद्ध केली व ता. १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. सन १८९९ च्या ऑगस्टात त्यांची प्रयोगशाळा परळच्या या रिकाम्या वाड्यात आली. तेथून लस देशोदेशी गेली. सन १९२५ मध्ये संस्थेस हाफकिन यांचे नाव मिळाले; आजही ती तेथेच आहे.

आता यास काय म्हणावे? उपासनेस निरुपयोगी झालेले देवालय धर्माध्यक्षांनी लौकिक कार्यास द्यावे, मात्र ते कार्य हीन नसावे, असा पवित्र सभेचा दंडक आहे. सन १९१७ च्या धर्मसंहितेच्या ११८७ व्या आणि सन १९८३ च्या संहितेच्या १२२२ व्या कलमात तो नमूद आहे. परळचे मंदिर कोणी दिले नव्हते. ते घेतले गेले. तो अन्याय लसीच्या पुण्याने धुतला जात नाही. तथापि नृत्यशाळा आणि रोगनिवारणाची शाळा यांस एकाच मापाने मोजणे न्याय्य होणार नाही. पीडितांस बरे करणे हे ज्याच्या नावाने ते मंदिर उभे राहिले त्या प्रभूचेच कार्य होय. मग ते करणारा आपल्या धर्माचा असो वा नसो.

वाचकहो, उपासक गेले की भिंतींचे भवितव्य परक्यांच्या मर्जीवर राहते. म्हणून ज्युबिलीच्या वर्षी आपल्या देवालयाची डागडुजी अवश्य करावी. परंतु दर रविवारी त्यातील बाके भरलेली राहतील, याची काळजी त्याहून अधिक वाहावी.