काचेच्या गोटीवरचा व्रण

काचेची जुनी गोटी हाती आली, तर प्रथम तिचे रंग नव्हे, तिची दोन टोके पाहावीत.

जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात लाउशा हे गाव आहे. तेथे १५९७ मध्ये काचभट्टी उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे गोट्यांसाठी खास कात्री घडवली गेली. रंगीत धाग्यांची तापलेली काचकांडी पिळायची, तिच्या टोकाला गोलाई द्यायची आणि गोटी कापून घ्यायची, अशी ही रीत. कापल्या जागी खरखरीत व्रण उरे. हाताने घडल्याची तीच खूण.

पुढे अमेरिकेत ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे मार्टिन ख्रिस्तेन्सन यांनी गोट्यांचे यंत्र बनवले. १९०५ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. खाचदार चाकांत फिरून गोल झालेल्या गोटीवर तसा व्रण राहत नाही. फार तर कापल्याची पुसट रेघ दिसते. पहिल्या महायुद्धाने जर्मन माल अडवला आणि अमेरिकेची बाजारपेठ यंत्राच्या गोट्यांना मोकळी झाली.

म्हणूनच जाणकार संग्राहक जुनी गोटी पॉलिश करीत नाहीत. घासल्याने ती चकाकते खरी, परंतु व्रणासोबत तिचा जन्मदाखलाही पुसला जातो.