चांदबीबीचे दोन वेढे

दोन वर्षांपूर्वी नववीच्या मुलांची सहल घेऊन नगरला गेलो होतो. शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण एसटीच्या फाट्यावर अजून 'नगर, नगर' अशीच हाक ऐकू येते. आधी शहराबाहेरच्या डोंगरावरची तीन मजली अष्टकोनी इमारत पाहिली. सगळे तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. मुलांना सांगितले, बाबांनो, हा महाल नाही आणि चांदबीबीचा तर नाहीच नाही. ही निजामशाहीचा वजीर सलाबत खान याची कबर आहे. चांदबीबीला भेटायचे असेल तर खाली भुईकोट किल्ल्यावर चला.

किल्ल्याच्या खंदकाजवळ एका मुलीने विचारले, "सर, चांदबीबी जिंकली का हरली? पुस्तकात नीट कळत नाही."

मी म्हणालो, "दोन्ही." मुले हसली. पण उत्तर खरेच तसे आहे. याच किल्ल्यात, याच बाईच्या हाताखाली, चार वर्षांच्या अंतराने दोन वेढे पडले. पहिल्या वेढ्यात तिने अकबराच्या फौजेला तट ओलांडू दिला नाही. दुसऱ्या वेढ्यात शत्रू आत येण्याआधी तिच्याच माणसांनी तिला मारले. या दोन वेढ्यांत काय बदलले, हे समजून घ्यायला मला स्वतःला फार वर्षे लागली.

चांदबीबी ही नगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी. लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झाले. १५८० मध्ये अलीचा खून झाला. त्याचा पुतण्या इब्राहिम गादीवर बसला, तो लहान होता, म्हणून त्याची जबाबदारी चांदबीबीवर आली. दरबार म्हणजे काय हे तिला तेव्हा कळले. किश्वर खान नावाच्या कारभाऱ्याने तर तिला पकडून साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले होते. हबशी सरदारांनी उठाव केला तेव्हा ती सुटली. पुढे ती माहेरी परतली. आपली माणसे कशी फुटतात हे तिने पुस्तकात वाचले नव्हते, अंगावर घेतले होते.

१५९५ मध्ये निजामशहा इब्राहिम विजापूरकरांशी लढताना मारला गेला आणि नगरमध्ये गादीवरून चार तट पडले. दख्खनी सरदार मियाँ मंजूने अहमद नावाच्या मुलाला पुढे केले. इखलास खानाने दुसरा राजा उभा केला. अभंग खान हबशी म्हाताऱ्या शाह अलीच्या बाजूने गेला. चांदबीबी म्हणाली, मेलेल्या राजाचा तान्हा मुलगा बहादूर हाच खरा वारस. या भांडणात मियाँ मंजूने गुजरातेत असलेल्या शहजादा मुरादला, म्हणजे अकबराच्या मुलाला, मदतीला बोलावले. मुराद आणि अब्दुर्रहीम खानखाना निघाले. तेव्हा मियाँ मंजूला चूक उमगली, पण फौज दारात आली होती. तो किल्ला सोडून विजापूर-गोवळकोंड्याकडे मदत मागायला गेला. मागे राहिली चांदबीबी.

डिसेंबर १५९५ मध्ये वेढा पडला. तिच्याकडे एकसंध फौज नव्हती. दख्खनी होते, हबशी होते, इराण-तुराणातून आलेले आफाकी होते, मराठी शिबंदी होती. त्यातले कित्येक काल-परवापर्यंत एकमेकांच्या उरावर बसले होते. तिने बहादूरच्या नावाने द्वाही फिरवली आणि भांडणारांना एक नाव दिले. बाहेर राहिलेल्यांना पत्रे लिहिली: गादीचे नंतर बघू, आधी किल्ला. अभंग खान एका रात्री खानखानाच्या छावणीतून लढत वाट काढून आत आला. विजापूरहून सुहैल खान मोठी फौज घेऊन निघाला, गोवळकोंड्याचीही कुमक आली, सगळे नळदुर्गाजवळ जमू लागले.

ही बातमी मुरादला लागली. मदत पोचण्याआधी किल्ला घ्यायचा, म्हणून तटाखाली पाच सुरुंग खणून दारू भरण्यात आली. आता इथे नीट लक्ष द्या. मोगल छावणीतल्या ख्वाजा मुहंमद खान शिराझी या माणसाने रात्रीतून आत खबर दिली की सुरुंग कुठे आहेत. चांदबीबीच्या लोकांनी लगेच आतून खणायला घेतले. दुसऱ्या दिवसापर्यंत दोन सुरुंग सापडले, ते निकामी केले. तिसऱ्याच्या शोधात माणसे खणत असतानाच तो उडाला. खणणारे जागच्या जागी गेले आणि तटाला सुमारे पन्नास गजांचे भगदाड पडले.

फरिश्ता हा इतिहासकार आधी नगरच्या आणि मग विजापूरच्या चाकरीत होता, या लोकांना ओळखणारा. तो सांगतो की भगदाड पडल्यावर आतले काही सरदार पळायच्या तयारीत होते. चांदबीबी चिलखत घालून, चेहऱ्यावर नकाब, हातात उघडी तलवार, अशी भगदाडात येऊन उभी राहिली. पळणारे थांबले. पण मला फरिश्त्याची दुसरी नोंद जास्त महत्त्वाची वाटते. तट फुटल्यावर मोगल ताबडतोब आत घुसले नाहीत. उरलेले सुरुंगही उडतील म्हणून ते वाट बघत थांबले. आणि ते उडाले नाहीत, कारण आदल्या रात्री कुणीतरी मातीत हात घालून त्यातली दारू काढली होती.

किल्ला वाचला तो या थांबण्यामुळे. चांदबीबीच्या तलवारीला उभे राहायला जी सवड मिळाली ती त्या नाव नसलेल्या बेलदारांनी आदल्या रात्री कमावून ठेवली होती. संध्याकाळपर्यंत हल्ल्यावर हल्ले झाले, खंदक प्रेतांनी भरला, पण मोगल आत आले नाहीत. अंधार पडल्यावर ती घरी झोपायला गेली नाही. रात्रभर उभी राहून भगदाडाची भिंत बांधून घेतली. सकाळी मुरादच्या लोकांनी पाहिले तर समोर पुन्हा भिंत.

गोळे संपले तेव्हा तिने सोन्या-चांदीचे गोळे डागले, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मी मुलांना ती सांगतो, पण त्या रात्रीच्या भिंतीनंतर.

समोरची बाजूही पाहा. माणसे, दारू, पैसा, सगळे मोगलांकडे जास्त. पण मुराद आणि खानखाना यांचे पटत नव्हते. फरिश्ता म्हणतो की सुरुंग उडवायचे ठरले ते खानखानाला न सांगता, श्रेय त्याला जाऊ नये म्हणून. म्हणजे तटाच्या आत चार तट एक झाले होते आणि बाहेर एका फौजेचे दोन झाले होते. शेवटी तह झाला. वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले, नगर वाचले, वेढा उठला. हे १५९६.

आता १६००. मधल्या चार वर्षांत धोका टळला असे वाटून प्रत्येकाने आपले जुने भांडण बाहेर काढले. ज्या अभंग खानाने रात्री लढत किल्ल्यात प्रवेश केला होता, तोच पेशवा झाल्यावर चांदबीबीला बाजूला सारू पाहत होता. तिला त्याच्यासाठी किल्ल्याचे दरवाजे बंद करावे लागले. मुराद मेला, शहजादा दानियाल आणि खानखाना पुन्हा चालून आले. अभंग खान न लढता जुन्नरकडे निघून गेला. बाहेरून मदत येणार नव्हती. चांदबीबीने हिशेब केला: किल्ला देऊन जीव आणि राजा वाचवावा, लहान बहादूरला घेऊन जुन्नरला जावे, तिथून पुढचे पुढे. हे तिने हमीद खान या किल्ल्यातल्या सरदाराला सल्ल्यासाठी बोलून दाखवले.

तो धावत बाहेर गेला आणि ओरडत सुटला की बेगम मोगलांना मिळाली, किल्ला विकला. जमाव आत घुसला. पुढे महिनाभरात, ऑगस्टमध्ये, सुरुंग उडाले, तट फुटला आणि या वेळी रात्रीतून भिंत बांधून घेणारे कुणी उरले नव्हते. बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवले.

आपण मराठीत अशा माणसाला 'फितूर' म्हणतो. उर्दूत 'फ़ितूर' म्हणजे डोक्यातला बिघाड. दोन्ही भाषा शिकवताना मी मुलांना हा फरक सांगतो. नगरच्या किल्ल्यात त्या दिवशी मराठीतला फितूर कुणीच नव्हता. उर्दूतला फ़ितूर मात्र सगळ्यांच्या डोक्यात शिरला होता.

आता थोडे माझे. मी पूर्वी ज्या शाळेत होतो तिथे उर्दू माध्यमाची पटसंख्या घसरली होती. संचमान्यतेत शिक्षक अतिरिक्त ठरणार हे दिसत होते. आमच्या मुख्याध्यापिकांनी ठरवले की दोन विरळ तुकड्या स्वतःहून एकत्र करायच्या, म्हणजे बाकीचे वर्ग आणि बहुतेकांच्या नोकऱ्या टिकतील. तसे पत्र त्यांनी मला मराठीत लिहायला सांगितले. मी लिहिले. आठवडाभरात शिक्षक खोलीत कुजबुज सुरू झाली: आपांनी वर सौदा केला, आपल्याला विकले. पत्रात काय आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होते. मी चहा पीत राहिलो. म्हटले, आपण कशाला मध्ये पडा. आपांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी तुकड्या गेल्याच, वर तीन शिक्षक अतिरिक्त ठरले.

आपांना मी अजून हे सांगितलेले नाही. हा लेख त्यांना पाठवणार आहे.

कठीण प्रसंगी माणसे एकत्र कशी येतात यावर खूप बोलले जाते. संकट दारात असले की एकत्र यायला फार शहाणपण लागत नाही. एकत्र राहायला लागते. जो आपल्या वतीने शत्रूशी बोलायला गेला आहे त्याच्यावर, तो दिसत नसताना, विश्वास ठेवायला लागते. पहिल्या वेढ्यात चांदबीबीने तह केला, वऱ्हाड दिले, तरी तिला कुणी विकाऊ म्हटले नाही. दुसऱ्या वेढ्यात तिने तहाचा नुसता विचार बोलून दाखवला. बाई तीच होती. ऐकणारे बदलले होते.

परतताना गाडीत तीच मुलगी पुन्हा आली. म्हणाली, "सर, हमीद खान ओरडत होता तेव्हा 'थांबा, आधी बेगमला विचारू' असं म्हणणारं एकही माणूस नव्हतं का?"

इतिहासात तशा माणसाची नोंद नाही, एवढेच मी तिला सांगू शकलो.