धनराज पिल्ले: ३३९ सामने खेळलेल्या फॉरवर्डचे गोल नेमके किती?

पुण्याचे धनराज पिल्ले डिसेंबर १९८९ ते ऑगस्ट २००४ या काळात भारताकडून ३३९ आंतरराष्ट्रीय हॉकी सामने खेळले. ते फॉरवर्ड होते, म्हणजे गोल करणं हेच त्यांचं काम. तरीही त्यांनी किती गोल केले, याचं अधिकृत उत्तर नाही. तेव्हाच्या भारतीय हॉकी महासंघाने त्यांच्या गोलांची नोंदच ठेवली नाही. १७० हून अधिक असा आकडा सांगितला जातो, पण तो महासंघाच्या दप्तरातला नाही.

खडकीतून मुंबईत

धनराज यांचा जन्म १६ जुलै १९६८ रोजी खडकीत झाला. वडील नागलिंगम तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करायचे. घरची परिस्थिती बेताची असल्याने भावंडं मोडक्या स्टिक आणि टाकून दिलेल्या चेंडूंनी खेळायची. मोहम्मद शाहिद हे धनराज यांचे आदर्श. थोरले भाऊ रमेश मुंबईत आरसीएफकडून खेळत होते. त्यांच्या मागोमाग १९८०च्या दशकात धनराजही मुंबईत आले. पुढे ते महिंद्राकडून खेळले आणि १९८९ मध्ये दिल्लीतल्या आशिया चषकात भारतीय संघात दिसले.

गोलांवरून फॉरवर्ड कळतो का?

पूर्ण कळत नाही. हॉकीत गोलसमोरच्या अर्धवर्तुळाकार भागाला ‘डी’ म्हणतात. डीमध्ये शिरलेल्या फॉरवर्डला बचावपटूने नियम मोडून अडवलं, तर पेनल्टी कॉर्नर मिळू शकतो. त्यावर फटका मारण्याचं काम अनेकदा दुसराच खेळाडू करतो आणि गोल त्याच्या नावावर लागतो. धनराज यांची ओळख वेगाने चेंडू घेऊन बचावफळी भेदणारा खेळाडू अशी होती. अशा खेळाडूच्या कामाचा मोठा भाग गोलांच्या यादीत येतच नाही.

चार गुणिले चार

• ऑलिंपिक: १९९२, १९९६, २०००, २००४
• विश्वचषक: १९९०, १९९४, १९९८, २००२
• आशियाई स्पर्धा: १९९०, १९९४, १९९८, २००२
• चॅम्पियन्स ट्रॉफी: १९९५, १९९६, २००२, २००३

या चारही स्पर्धा चार-चार वेळा खेळलेले एकमेव हॉकीपटू म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. मात्र ऑलिंपिक पदक त्यांना मिळालं नाही. चार ऑलिंपिकमध्ये भारत अनुक्रमे सातवा, आठवा, सातवा आणि सातवा आला.

सुवर्णपदक जिंकलं आणि संघाबाहेर

१९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत धनराज कर्णधार होते. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला पेनल्टी स्ट्रोकवर हरवून भारताने सुवर्ण जिंकलं. याआधीचं सुवर्ण १९६६ मधलं, म्हणजे ३२ वर्षांपूर्वीचं. त्यानंतर लगेच झालेल्या पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेसाठी धनराज आणि आणखी काही ज्येष्ठ खेळाडूंना वगळण्यात आलं. ‘विश्रांती दिली’ असं अधिकृत कारण देण्यात आलं. खेळाडूंनी भत्ते आणि सुविधांबद्दल तक्रार केली होती, त्याचीच ही शिक्षा असल्याची चर्चा मात्र तेव्हा सर्वत्र होती.

पुनरागमन

धनराज संघात परतले. २००२ मध्ये कोलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत ते स्पर्धेतले सर्वोत्तम खेळाडू ठरले, तेव्हा ते ३४ वर्षांचे होते. २००३ मध्ये क्वालालंपूरला त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने पाकिस्तानला ४-२ असं हरवून पहिल्यांदा आशिया चषक जिंकला. खेलरत्न आणि पद्मश्री हे सन्मानही त्यांना मिळाले.

त्यामुळे एखाद्या पोस्टमध्ये धनराज यांच्या गोलांचा अगदी नेमका आकडा दिसला, तर तो अंदाज समजावा. ३३९ सामने, ‘चार गुणिले चार’ आणि कर्णधार म्हणून जिंकलेली दोन आशियाई विजेतेपदं यांची नोंद मात्र पक्की आहे.