बक्षिसाची चित्रे आणि उरलेली चित्रे

लालबागेतील चाळीची आमची खोली रिकामी करण्याचा प्रसंग आला, तेव्हा माळ्यावरून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा खाली उतरला. ‘बिग फन’ नामक बबलगमच्या वेष्टनातून निघणारी क्रिकेटपटूंची काही चित्रे, शीतपेयांच्या बाटल्यांची दहाबारा बुचे आणि एका चिमुकल्या पुस्तिकेचे फाटके मलपृष्ठ, एवढाच ऐवज त्यात होता. डबा आमच्या बालपणाचा खरा. परंतु त्यावरून जो प्रश्न आमच्या मनात उभा राहिला तो आमच्यापुरताच नाही, म्हणून वाचकांपुढे ठेवीत आहोत.

25 जून 1983 रोजी भारताने लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला आणि पुढील काही वर्षे मुलांच्या खाऊचा व्यापार क्रिकेटच्या जोरावर चालला. ‘बिग फन’च्या चित्रांवर धावा अथवा बळी छापलेले असत, त्यांची ठराविक बेरीज जमली म्हणजे ती चित्रे देऊन बक्षीस घ्यावयाचे. ‘थम्स अप’ची बुचे, मुलांच्या बोलीत बिल्ले, दिली असता खेळाडूंच्या पुस्तिका मिळत, तिची पाने अंगठ्याखालून भराभर सोडली की फलंदाज खरोखरच बॅट फिरवू लागे. ‘गोल्ड स्पॉट’च्या बिल्ल्यांत ‘जंगल बुक’मधील प्राणी होते, त्यांचे प्रस्थ निराळेच. 5 नोव्हेंबर 1987 रोजी रिलायन्स चषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंडने वानखेडेवर भारतास 35 धावांनी हरविले आणि गावसकर आपल्या अखेरच्या आंतरराष्ट्रीय डावात अवघ्या 4 धावा करून परतले. त्या संध्याकाळी आमच्या चाळीत गावसकरांच्या चित्राचा भाव उतरला नाही, उलट चढला. मुंबईच्या मुलांचा न्याय असाच असावयाचा!

परंतु हा खेळ सर्वांस सारख्याच पैशांत खेळता येत नव्हता. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले आणि त्यांतील कित्येकांस पुन्हा गिरणीचे तोंड दिसले नाही. परळ-लालबागच्या अशा घरांतून बबलगमसाठी पैसे मागण्याची सोय नव्हती. गिरगावातील आमचे मावसभाऊ बिल्ले विकत घेतलेल्या बाटल्यांचे जमवीत. आम्ही ते इराण्याच्या पायरीपाशी, लग्नाच्या कार्यालयामागे आणि गणपतीच्या मांडवाबाहेर वेचीत असू. दिवाळीच्या सुटीत दोन्ही घरची मुले एकत्र आली की अदलाबदल होई. आमच्याकडे संख्या पुष्कळ, त्यांच्याकडे स्वच्छ व न चेपलेला माल. सौदा बहुधा त्यांच्या अटींवर तुटे.

ही युक्ती व्यापाऱ्यांनी येथे शोधून काढली असे मात्र नव्हे. अमेरिकेत 1911 च्या सुमारास ‘टर्की रेड’ सिगारेटच्या पाकिटांत कुपने येत. अशी 10 कुपने टपालाने पाठविली असता बेसबॉलपटूचे सुमारे आठ इंच उंचीचे रंगीत चित्र घरपोच येई. ‘ओल्ड मिल’ किंवा ‘फेझ’ ओढणाऱ्यास त्याच चित्रासाठी 25 कुपने लागत. त्या चित्रांस संग्राहक आज ‘टी-3’ म्हणतात. हे नाव ठेवले जेफर्सन बर्डिक यांनी. सिरॅक्यूज शहरी एका विजेच्या सामानाच्या कारखान्यात सुटे भाग जोडण्याचे काम करणारा, संधिवाताने बोटे वाकडी झालेला हा गृहस्थ. त्याने असल्या कागदांची पद्धतशीर सूची रचिली आणि तीन लाखांहून अधिक नगांचा आपला संग्रह 1947 पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास देण्यास आरंभ केला. गिरणगावास असा एखादा कारखान्यातला माणूस हवा होता, असे आम्हांस राहून राहून वाटते.

आता मूळ प्रश्न. ‘टर्की रेड’च्या व्यवहारात कुपन जाई व चित्र उरे. आमच्या येथे चित्रच कुपन होते. ज्याची बेरीज पुरी झाली त्याने ती देऊन टाकली. पुढे मिळालेली पुस्तिका हाताळून हाताळून फाटली. तेव्हा आज जी चित्रे सापडतात ती बहुतांशी अशा मुलांची, ज्यांची बेरीज पुरी झाली नाही किंवा मुदत टळून गेली. संग्राहक आज मोठ्या हौसेने जे जमवितात ते एका अर्थी हुकलेल्या बक्षिसांचे अवशेष होत, आणि त्यांवरून त्या वेळच्या सर्व मुलांविषयी अनुमान काढू जाणारा फसेल. ज्यांस मिळाले त्यांच्या हाती पुरावा उरला नाही. 1999 साली ‘ब्रिटानिया’ने विश्वचषकाच्या निमित्ताने वेष्टनांवरील धावांची जी योजना काढली, तिच्यातही शंभर धावांची वेष्टने द्यावी लागत, तेथेही तोच प्रकार.

आम्ही स्वतः एकदा परळच्या टपाल कचेरीतून एका कंपनीस जमविलेली वेष्टने धाडली होती. बक्षीस आले नाही, वेष्टनेही गेली. त्या व्यवहाराची एकही खूण डब्यात नाही. कंपनीचे नाव सांगण्यात आता स्वारस्य नाही.

परवा डब्यातील चित्रांवरील आकडे आम्ही मांडून पाहिले. बळी पुष्कळ आहेत, धावा कमी पडतात. बिल्ल्यांचा गंज चित्रांस लागू लागला होता, म्हणून ती वेगळी काढून कागदी पाकिटात ठेविली आहेत.